मे महिन्यात स्वेटर घेऊन सांताक्रूझला

उन्हाळ्याच्या सुट्टीत माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात. मी कुडाळहून मुंबईला गेले आणि सगळा मे महिना तिथे कुडकुडले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे, कोकण रेल्वे यायच्या बऱ्याच आधीची. परवा या ब्लॉगवर एका वाचक मुलीने विचारलं, ‘ताई, मुंबईत जनरेटिव्ह आर्टचा, म्हणजे संगणकाला नियम देऊन चित्र काढून घ्यायचा, उन्हाळी कोर्स आहे, राहायला उपनगरात नातेवाईक आहेत, जाऊ का?’ तिला मी लगेच ‘जा’ म्हणून कळवलं. पण त्यानंतर जुनं सगळं आठवत राहिलं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी तेव्हा आमच्या हायस्कुलात चित्रकलेची बाई होते. ज्यांनी शाळेत नोकरी केली आहे त्यांना चित्रकलेच्या तासाची किंमत सांगायला नको. गणिताचा भाग शिल्लक राहिला, घ्या चित्रकलेचा तास. गॅदरिंगची तालीम आहे, घ्या चित्रकलेचा तास. मला स्वतःची खोली नव्हती. रंगाच्या बाटल्या मी खेळाच्या सामानाच्या खोलीत, डंबेल्सच्या शेजारी ठेवायची आणि मुलं त्या सांडायची. अशात एका दुपारी हेडसरांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की शाळेला योजनेतून संगणक मिळतो आहे, त्यासाठी वेगळी खोली बांधून होते आहे, आणि कुणीतरी सुट्टीत मुंबईला जाऊन शिकून यायचं आहे. सगळ्यांनी विज्ञानाच्या परबसरांकडे पाहिलं.

“मे म्हयन्यात?” परबसर म्हणाले. “आमचो आंबो कोण उतरवतलो?”

हेडसरांनी विद्यापीठाचं पत्रक पुढे सरकवलं. मे महिन्यात बाहेरगावच्यांसाठी एकच वर्ग होता, ‘संगणक आणि चित्र’. चित्र हा शब्द वाचून मी हात वर केला. हेडसर थोडे घोटाळले, मग म्हणाले, “जा बाई. पण प्रमाणपत्र घेऊन या. ते आणलंत तर खोलीची किल्ली तुमच्याकडे. नाही आणलंत तर आंबे संपल्यावर परब बघतील.”

खरं सांगते, संगणक म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. खोली म्हणजे काय ते मात्र नीट माहीत होतं, आणि मला ती हवी होती.

कुडाळहून बोरीवलीला थेट एसटी होती. संध्याकाळी बसायचं, घाटात मागच्या सीटवरच्या कुणाला तरी उलटी व्हायची, पनवेलला चहा प्यायचा, आणि उजाडताना मुंबई. आता रेल्वे झाली आहे, त्यामुळे बोरीवलीला जायचं असेल तर ठाण्याला उतरा आणि घोडबंदरवरून बस घ्या, पाठ शाबूत राहते. माझ्याजवळ एक पिशवी कपड्यांची आणि दोन मावशीच्या. त्यात सोलं, कुळथाचं पीठ, फणसाचे गरे आणि तिने पत्रातून मागवलेली कुडाळी मिरची.

मावशी बोरीवली पूर्वेला राहायची, अगदी डोंगराच्या कडेला. सोसायटीची चार मजली इमारत, खाली मराठी, वर गुजराती, आणि पाठीमागच्या भिंतीपलीकडे राष्ट्रीय उद्यानाचं रान. भिंतीवर माकडं बसायची आणि वाळवणावर डोळा ठेवायची. काका आधी परळला गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर आरेच्या दूध डेअरीत लागले होते. मावशी पस्तीस वर्षं मुंबईत राहून मालवणीच बोलायची. वरच्या मजल्यावरच्या गुजराती बायकांशीसुद्धा मालवणीच. त्या गुजरातीत उत्तर द्यायच्या आणि दोन्हीकडून काही अडत नसे.

पहिल्या दिवशी मी निघाले तेव्हा हातात स्वेटर बघून ती दारातच अडली. पत्रकात लिहिलं होतं, गरम कपडे आणावेत.

“काय गो मंदा, मे म्हयन्यात स्वेटर कित्याक? ताप इलो काय?”

“मशीनच्या खोलीत थंडी असते, मावशी.”

“मशीनाक गरम जाता आणि माणसान कुडकुडाचा?” असं म्हणत तिने स्वेटरच्या घडीत दोन गरे घातले, कागदात बांधून. स्वेटरला फणसाचा वास शेवटपर्यंत राहिला.

बोरीवलीहून सांताक्रूझला मी बसनेच जायची. हायवेवरून जाणारी डबलडेकर पकडायची आणि वर सगळ्यात पुढे बसायचं. ही चैन आता मिळणार नाही, पण तेव्हा त्या एका सीटसाठी मी दोन बस सोडून द्यायची. डाव्या हाताला डोंगर, मग गोरेगावची मोकळी मैदानं, अंधेरीला कारखान्यांतून सुटलेली माणसं, आणि पार्ल्याच्या पुढे एखादं विमान इतकं खाली यायचं की पहिल्या दिवशी मी मान खाली घातली. शेजारचा माणूस पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, “नाय लागत.”

विद्यापीठाचं आवार सांताक्रूझच्या पूर्वेला. झाडं भरपूर, इमारती लांबलांब. आमचा वर्ग एका बैठ्या इमारतीत होता. समोर शहाबादी फरशीचा लांब व्हरांडा, आणि मधोमध काचेचं दार. दाराबाहेर चपलांचा ढीग. धूळ आत जाऊ नये म्हणून सगळ्यांनी अनवाणी आत जायचं असा नियम होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, आत सत्यनारायण आहे. आत मात्र भयानक थंडी, चार संगणक, शाईच्या फितीवर चालणारा एक प्रिंटर, आणि एका टेबलावर प्लॉटर. प्लॉटर म्हणजे कागदावर खरं पेन धरून चित्र काढणारं यंत्र. ते पेन आपलं आपण सरकताना मी पहिल्यांदा पाहिलं. आपल्या हाताचं काम कुणीतरी दुसरं करतंय, असं वाटलं. थोडी भीती आणि बरीचशी मजा.

शिकवायला दीक्षितसर. बारीक अंगाचे, कानटोपी घालून शिकवायचे, आणि लहानमोठ्या सगळ्यांना अहो-जाहो. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर काही न लिहिता सांगितलं, “इथे चित्र काढायचं नाही. चित्र काढणारा नियम लिहायचा आणि हात बाजूला घ्यायचा. शेवटच्या दिवशी पाहुणे येतील. तुमचा नियम त्यांच्यासमोर चालला पाहिजे, तुम्ही स्वतःसुद्धा आधी न पाहिलेलं चित्र त्यातून आलं पाहिजे, आणि चालू असताना बनवणाऱ्याने त्याला बोट लावायचं नाही. तसं झालं तर प्रमाणपत्र. नाही झालं तर ओळख झाली, आनंद आहे.”

मी वहीत ‘बोट लावायचं नाही’ याखाली दोन रेघा मारल्या. चित्रकलेच्या बाईला हे कसं जमायचं? आमचा जन्म पोरांच्या वहीत बोट घालण्यात गेलेला. नाक जरा वर घे, डोंगरामागे सूर्य नको, दे इकडे पेन्सिल.

एका संगणकावर दोघं बसायची. माझ्या वाट्याला नयना आली, घाटकोपरची, वडिलांचं साड्यांचं दुकान. तिला काठांची नवी नवी डिझाइनं हवी होती. घाटकोपरहून ती रोज येताना डब्यात थेपले आणि छुंदा आणायची आणि मी गरे. बदल्यात तिने मला मशीनची सगळी भाषा शिकवली, कारण तिच्या डोक्यात गणित पटकन शिरायचं आणि माझ्या डोक्यातून ते पटकन निघून जायचं. मशीनला ‘तुला वाटेल तो आकडा दे’ असं सांगता येतं, हे कळल्यावर मी खूश झाले. मनात आलं, इथे टाक रेघ, तिथे टाक रेघ, आणि बघ गंमत. प्लॉटरने ती गंमत काढून दाखवली. कोंबड्यांनी उकिरडा उकरावा तसं चित्र आलं.

“झकास,” नयना म्हणाली. “ही साडी नेसून बाई दारात उभी राहिली तर भिकारी पण परत जाणार.”

सरांनी तो कागद बराच वेळ पाहिला. म्हणाले, “नशिबाला नुसतं मोकळं सोडलंत. त्याला चालायला रस्ता द्या.”

या ‘रस्ता द्या’वर मी पुढचे कित्येक दिवस अडकले. नयनाचा काठ तयार होत आला, माझं काहीच नाही. रोज संध्याकाळी बसच्या वरच्या मजल्यावर बसून मी परबसरांच्या हातात किल्ली बघायची. मावशी विचारायची, “काय शिकलंस आज?” आणि मी म्हणायची, “थंडी सोसायला.”

मग आला रविवार. काका म्हणाले, पोरीला जरा आमची डेअरी दाखवतो. नयनालाही बोलावलं. आरे कॉलनीत तेव्हा बसने जाणं हीच एक सहल होती. गोरेगावला आत वळलं की एकदम झाडं सुरू, रस्त्याला चढउतार, मधेच म्हशींचे गोठे. गोठ्यांच्या प्रत्येक वसाहतीला युनिट म्हणतात आणि नंबर असतो. टेकडीवर बाग, बागेत बाटलीतलं थंड सुगंधी दूध. इतकं चांगलं दूध मी त्यानंतर प्यायलेले नाही, पण तेव्हा तहानही तशी लागलेली होती. जायचं असेल तर सकाळी लवकर जा, पाणी बरोबर ठेवा, आणि पाड्यांवरून जाताना लोकांच्या अंगणातून शॉर्टकट मारू नका.

काका ओळखीच्या माणसाशी बोलत बसले आणि आम्ही दोघी भटकायला निघालो. पहिल्या फाट्याला कुठे जायचं यावर वाद झाला. नयनाने पर्समधून चार आणे काढले. “छापा आला तर डावीकडे, काटा आला तर उजवीकडे. भांडण खतम.” मग प्रत्येक फाट्याला तेच. छापा, काटा, काटा, छापा. रान, गोठा, पाडा, रान. असं भटकून भटकून आम्ही मघाच्याच एका गोठ्यापाशी, शिंग मोडलेल्या म्हशीसमोर आलो, तर तिथल्या भय्याने आमच्याकडे बघून मान हलवली.

“आप लोग फिर आ गये?”

आम्ही पुन्हा नाणं टाकत गेलो, आणि काही वेळाने पुन्हा तोच गोठा, तीच शिंग मोडलेली म्हैस. नयना रस्त्यातच बसून हसायला लागली. “यार, वाट लागली. आपण इथेच राहणार आता, दूध काढत.”

मला मात्र हसू येईना, कारण मला एकदम काहीतरी दिसलं होतं. आम्ही प्रत्येक वेळी नशिबावर सोडलं, तरी आम्ही रस्त्यातच होतो. रस्ता कुठे तुटला नाही, कुठल्या तरी दुसऱ्या रस्त्याला जुळतच गेला. नशिबाला चालायला रस्ता द्या म्हणजे हे. मी तिथेच मातीत काडीने चौकोन काढला. चौकोनाच्या चार बाजूंच्या मध्यावर चार खुणा. आता दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांभोवती दोन कमानी काढायच्या, खुणेपासून खुणेपर्यंत. नाहीतर उरलेल्या दोन कोपऱ्यांभोवती. बस, दोनच प्रकार. शेजारी दुसरा चौकोन, त्यातही तेच. कुठला प्रकार घ्यायचा ते नाणं सांगेल, पण सगळ्या कमानी खुणेवरच संपतात, त्यामुळे शेजारच्या चौकोनातली रेघ येऊन जुळणारच. नयनाने नाणं उडवलं, मी काढत गेले. मातीत वळणं उमटली, कुठे गोल, कुठे साप, आणि एकही रेघ तुटकी नाही.

“ए मंदा,” ती हळू आवाजात म्हणाली, “हे तर मस्त आहे ना.”

काका शोधत आले तेव्हा आम्ही दोघी गोठ्यासमोर मातीत उकिडव्या बसलेल्या होतो आणि भय्या वरून सल्ले देत होता.

पुढचे दिवस कसे गेले ते कळलं नाही. मातीत एका दुपारी जमलं ते मशीनला समजावायला फार झगडावं लागलं. कमानी उलट्या पडायच्या, पेन कागदाबाहेर जायचं, नयना कपाळाला हात लावायची. पण शेवटी चाललं. प्लॉटरचं पेन वळणं घेत घेत निघालं की मी स्वेटरच्या बाह्या ओढून बघत बसायची. दर वेळी वेगळं चित्र आणि दर वेळी जुळलेलं. सगळं माझ्या फ्लॉपीवर ठेवलं. ज्यांनी फ्लॉपी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते, काळी पातळ चौकोनी वस्तू, कागदाच्या पाकिटात राहायची, आणि तिच्या आवरणाला एक लांबट भोक असायचं. त्या भोकातून आतली चकती दिसायची आणि मशीन तिथूनच वाचायचं. दुसरी प्रत मी केली नव्हती. फ्लॉपी महाग होती आणि प्रिंटरची फीत संपलेली होती.

शेवटच्या दिवशी मावशीने नवी इरकल नेसली. पाहुण्यांना बोलावलं होतं ना, मग ती येणारच. काकांची ड्यूटी होती. मी वेणी घालेपर्यंत तिने माझी पिशवी भरून ठेवली. बसमध्ये तिलाही वरचा मजला आवडला. विमान आलं तेव्हा तिने हात जोडले.

व्हरांडा माणसांनी भरला होता. कुणाचे वडील, कुणाची भावंडं, विद्यापीठातले दोन-तीन प्राध्यापक. सगळे अनवाणी. एकेकाचा नियम चालला. नयनाचा काठ प्लॉटरने इतका सुरेख काढला की तिच्या वडिलांनी तिथल्या तिथे रंग ठरवायला घेतले. माझा नंबर सगळ्यात शेवटी. मी फ्लॉपी पाकिटातून न बघताच काढली, मशीनमध्ये सरकवली आणि खाचेवरची दांडी खाली केली. मशीनने घशात काटा अडकल्यासारखा आवाज केला. पुन्हा केला. मग पडद्यावर चूक दाखवली.

सरांनी फ्लॉपी बाहेर काढली आणि उजेडात धरली. त्या लांबट भोकात, बरोबर मधोमध, हळदकुंकवाचं ठसठशीत बोट होतं. एक तांदळाचा दाणाही चिकटलेला. काचेच्या दाराशी उभी असलेली मावशी अभिमानाने पुढे आली.

“सकाळी देवाम्होरा ठेवून मी लायलंय,” ती म्हणाली. “नव्या वस्तूक लावचा नाय? आणि टिळ्याक जागा केलेलीच होती मा.”

कुणी हसलं नाही. सरांनी शांतपणे सांगितलं की चकती गेली, आणि पूड मशीनच्या तोंडात गेली असणार, त्यामुळे प्लॉटरला जोडलेलं हे मशीन साफ होईपर्यंत बंद. बाकीच्या मशीनवर कमानी उतरवायला वेळ नव्हता आणि मला तो सगळा मजकूर पाठही नव्हता. मावशीचा चेहरा बघवेना. ती पस्तीस वर्षं मुंबईत होती, पण इतकी परकी मी तिला कधी पाहिली नव्हती.

“माझ्यामुळा झाला?” तिने मला विचारलं.

मला ओरडावंसं वाटलं, हे कबूल करते. महिनाभराची थंडी, हेडसर, खोली, सगळं त्या बोटभर कुंकवात गेलं होतं. पण तिने ते माझ्यावर माया म्हणूनच लावलं होतं, त्यावर ओरडणार तरी काय. मी नुसतं “होय” म्हटलं. मावशीने पदर खोचला.

“मगे हातान काढ. तुका येता मा सगळा?”

“हात लावायचा नाही मला. तीच तर अट आहे.”

“तुया लाव नको. आमका सांग.”

मी सरांकडे बघितलं. सर कानटोपी काढून केस खाजवत होते. “नियम चालला पाहिजे असं मी म्हटलं होतं,” ते म्हणाले. “मशीनवरच चालला पाहिजे असं... नाही, तसं म्हटलेलं नाही. पण बाई, बोट लावायचं नाही. तोंडाने दुरुस्तीही नाही. फळ्यावर लिहा आणि बाजूला बसा.”

व्हरांड्यातल्या फरश्या चौकोनीच होत्या, एकाला एक लागून, आणि समोर एक मोठं झाड. मी फळा बाहेर आणला आणि त्यावर लिहिलं. एक फरशी घ्या, तिच्या चारही कडांच्या मध्यावर खूण करा. नाणं उडवा. छापा आला तर झाडाकडचा डावा कोपरा आणि त्याच्या समोरचा कोपरा, या दोघांभोवती खुणेपासून खुणेपर्यंत कमान काढा. काटा आला तर उरलेल्या दोन कोपऱ्यांभोवती. खडू शेजाऱ्याला द्या. एवढं लिहून मी भिंतीला टेकून बसले आणि दोन्ही हात स्वेटरमध्ये घातले.

पहिली फरशी मावशीने घेतली. रोजच्या रांगोळीने कमानी तिच्या हातात मुरलेल्या. नयनाच्या वडिलांनी नाणं उडवलं, ते घरंगळत चपलांच्या ढिगात गेलं, शोधाशोध झाली. मग दुसऱ्यांनी आपापली नाणी काढली. एकाची कमान फुगली, एकीची चपटी झाली. एका प्राध्यापकांनी झाडाकडचा डावा म्हणजे कुठला यावर चर्चा सुरू केली. एका काकूंना छापा आला आणि त्यांनी काट्याच्या कमानी काढल्या. मी पाहिलं, नयनाने पाहिलं, सरांनीही पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण शेजारची रेघ त्यांच्या खुणेवर आली आणि वळण घेऊन निघून गेली, काही झालंच नाही.

तेव्हा सर स्वतः उतरले. त्यांनी खडू घेतला, नाणं उडवलं, काटा आला, आणि मुद्दाम छाप्याच्या कमानी काढल्या. पुढच्या फरशीवरही उलटंच. त्या पुढेही. ते माझा नियम तोडायला बघत होते हे उघड होतं. बराच वेळ खेळ चालला. मग ते गुडघ्यावर बसून एक रेघ बोटाने धरून चालत निघाले, मावशीच्या फरशीवरून काकूंच्या, तिथून प्राध्यापकांच्या, दारापर्यंत जाऊन परत, आणि फिरून निघाले तिथेच आले. हात झटकत उठले तेव्हा त्यांच्या पँटचे गुडघे पांढरे झाले होते.

“मोडत नाही,” ते म्हणाले. “आम्ही सगळे चुकलो तरी मोडत नाही.” आणि मोठ्याने हसले. त्या सबंध महिन्यात त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वळणांनी भरला होता. चपला घालायला जाताना माणसं रेघा टाळून पाय टाकत होती. प्रमाणपत्रावर सरांनी सही केली ती तिथेच, भिंतीवर कागद धरून. मावशीने मला न विचारता कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि बोरीवलीपर्यंत हात लावू दिला नाही.

दोन दिवसांनी ती मला एसटीवर बसवायला आली. रिवाजाप्रमाणे तिने कुंकवाची कुयरी काढली, बोट बुडवलं, आणि माझ्या कपाळासमोर आणून थांबवलं.

“तुका लायलेला चलात मा?”

खिडकीतून मान बाहेर काढून मी कपाळ पुढे केलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टरला घंटा मारायला उशीर झाला.

आता काय उरलं ते. हेडसरांनी प्रमाणपत्र चष्म्यातून दोनदा वाचलं आणि किल्ली दिली. खोली उघडली तर आत नव्या चुन्याचा वास आणि एक टेबल. संगणक यायला पुढे वर्ष गेलं. पण मुलांना मी ते वर्षभर वाट बघायला लावलं नाही. शाळेच्या ओट्यावर खडू आणि नाणी घेऊन आम्ही नियम लिहायचो आणि चालवायचो. परबसर येताजाता बघायचे, एकदा त्यांनीही फरशी घेतली.

मग मशीन आलं. पहिल्या दिवशी आठवीतली एक मुलगी बसली. तिने नियम लिहिला, चालवला, आणि पडद्यावर भलतंच काही उमटलं. चूक कुठे आहे ते मला मागून दिसत होतं, एका ठिकाणी बोट ठेवलं असतं तर झालं असतं. तिने मान वळवून विचारलं, “बाई, तुम्ही करता?”

माझे हात मी पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. ही एक गोष्ट मी सांताक्रूझला शिकले, आणि पुढे निवृत्त होईपर्यंत दर वर्षी ती मला नव्याने जड गेली.

“नाही,” मी म्हटलं. “मी इथेच आहे. तू कर.”